आडात आहे, मग पोहऱ्यात का नाही?

यावेळी नेटच्या स्पीडवर एवढी पत्रं आली की बाकीचे सगळे विषय पुढच्या अंकावर ढकललेत. पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी खटकत होती, जवळजवळ प्रत्येकाने आधी प्लॅन वाढवलाय नाहीतर राउटर बदललाय आणि तरी फरक पडला नाही म्हणून मग मला विचारलंय. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार असं आपण म्हणतो, पण घरच्या नेटचं बऱ्याचदा उलटंच असतं, आड तुडुंब भरलेला असतो आणि पोहरा गळका. म्हणून आधी गळती कुठे आहे ते शोधायचं, मगच काय ते बदलायचं. हे तुणतुणं मी खाली दोन-चार वेळा वाजवणार आहे, आधीच माफी मागून ठेवतो.

प्रश्न: दादा, माझा प्लॅन १०० चा आहे. पण मोठी फाइल डाउनलोडला लावली की आकडा ११, फार तर १२ दिसतो, त्याच्या वर कधी गेलाच नाही. म्हणजे ८८ टक्के कुणी खाल्ले? ही सरळ फसवणूक नाही का? (हिशोब मागणारा वाचक)

उत्तर: नाही हो, उलट तुम्हाला जवळजवळ पूर्ण मिळतंय. कंपनी प्लॅन सांगते मेगाबिटमध्ये आणि डाउनलोडची खिडकी दाखवते मेगाबाइटमध्ये, आणि ८ बिट मिळून १ बाइट होतो. १०० ला ८ ने भागा, साडेबारा आले. नेटवरचा डेटा छोट्या छोट्या पाकिटांतून येतो, त्यातला थोडा भाग प्रत्येक पाकिटावरचा पत्ता-बित्ता लिहिण्यात जातो, राहिले ११-१२. इंग्रजीत लिहिताना बिटचा बी छोटा आणि बाइटचा बी मोठा एवढाच काय तो फरक, आणि जाहिरातीत तो कुणाच्या डोळ्यात भरत नाही (भरावा अशी कुणाची इच्छाही नसावी). उद्या ११ च्या जागी २-३ दिसायला लागलं तर मात्र लगेच कंपनीला फोन लावू नका, आधी दुसऱ्या एखाद्या साइटवरून काहीतरी डाउनलोड करून बघा, कारण समोरचा सर्व्हरच हळू देत असेल तर तुमची लाइन बिचारी काय करणार.

प्रश्न: १०० वरून ३०० च्या प्लॅनवर गेलो, कंपनी म्हणते आमच्याकडून ३०० चालू आहे. पण लॅपटॉपला केबल लावून टेस्ट केली तरी ९४ च्या वर जात नाही. कधी ९३, कधी ९४. राउटर बदलू का? (तीनशेचे बिल भरणारा)

उत्तर: हा ९४ आकडा दिसला ना की मला बरं वाटतं, कारण तो चोराचं नावच सांगतो. इथरनेटचा (म्हणजे केबलवरच्या नेटवर्कचा) एक जुना वेग आहे १०० मेगाबिटचा, १९९५ साली तो आला तेव्हा त्याचं नाव ठेवलं फास्ट इथरनेट आणि आज तोच सगळ्यात जास्त अडवतो. १०० च्या पोर्टमधून पत्ते वगैरे वजा जाता हातात पडतात ९४-९५. म्हणजे तुमच्याकडे कनेक्शनच्या डब्यापासून लॅपटॉपपर्यंतच्या वाटेत कुठेतरी एक जागा १०० वर अडकलीये, बाकी सगळं ठीक आहे.

संशयित तीन. एक तर राउटरचा पोर्ट, पुष्कळ स्वस्त राउटरवर वायफायचे मोठमोठे आकडे छापलेले असतात आणि मागचे पोर्ट मात्र १०० चेच, खोक्यावर गिगाबिट (म्हणजे १००० मेगाबिट) असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर संशय घ्या. दुसरा, लॅपटॉपला लावलेला यूएसबीचा लॅन डोंगल (केबल जोडायची छोटी डबी), तोही १०० चा निघतो. आणि तिसरा, माझा सगळ्यात लाडका संशयित, केबल. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, १०० ला त्यातल्या चारच लागतात पण गिगाबिटला आठही लागतात, आणि त्या जास्तीच्या चारातली एक जरी तुटली किंवा क्लिपमध्ये नीट बसली नसली तरी दोन्ही टोकांची यंत्रं आपापसात ठरवून गुपचूप १०० वर येतात, ना कुठे लाल दिवा ना कसला एरर. माझ्याच घरी हे झालं होतं. मी नवा राउटर आणला, सेटिंग तीन वेळा पुसून परत केलं, कस्टमर केअरच्या माणसाशी चढ्या आवाजात बोललो, आणि शेवटी झाडताना दिसलं की केबल सोफ्याच्या पायाखाली चेंगरलीये. त्या माणसाची मनातल्या मनात माफी मागितली.

तेव्हा तुम्ही काय करा, लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा. १००/१०० असेल तर आधी दुसरी केबल लावून बघा, केबलच्या अंगावर कॅट ५ई किंवा कॅट ६ असं छापलेलं पाहिजे, दोन्ही १०० मीटरपर्यंत गिगाबिट नेतात. १०००/१००० झालं की सुटलात. नाही झालं तर पोर्ट आणि डोंगलकडे वळा, राउटर बदलायचा विचार तोपर्यंत नको. आणि हो, बऱ्याच स्मार्ट टीव्हींचा लॅन पोर्ट १०० चाच असतो, तिथे ९४ दिसलं तर सोडून द्या, ४के पिक्चरलासुद्धा १५ ते २५ पुरतात.

प्रश्न: राउटरशेजारी उभं राहिलं की मोबाइलवर २०० येतं, आणि आतल्या खोलीत गेलं की १५. गंमत म्हणजे तिथेही वायफायची रेंज फुल दिसते. रेंज आहे तर स्पीड का नाही? एक्स्टेंडर घ्यावा का असं विचारतेय, घरातले म्हणतात दोन घे. (आतल्या खोलीतून)

उत्तर: ताई, दोन काय, अजून एकही एक्स्टेंडर (वायफायचा सिग्नल पकडून पुढे ढकलणारा डबा) घेऊ नका, आधी थोडं ऐका.

ती रेंजची चित्रं फार भाबडी असतात. राउटरचा आवाज मोबाइलला ऐकू येतोय एवढंच ती सांगतात, मोबाइलचा बारीक आवाज राउटरपर्यंत पोचतोय का आणि मधल्या हवेत किती कल्ला आहे हे नाही सांगत. आजकालचा राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ (नव्यात ६ पण असतो). २.४ ची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटरची, ती भिंतीतून बऱ्यापैकी पार होते, पण तिथे गर्दी केवढी, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे राउटर तिथेच, ब्लूटूथ तिथेच आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ च्या आसपास चालतो. ५ वर जागा मोठी, वेग जास्त, पण भिंत लागली की धाप लागते. तुमच्या आतल्या खोलीत काय होत असणार, ५ दमला की मोबाइल आपोआप २.४ वर उडी मारतो, तिथे रेंज फुल आणि स्पीड १५. खात्री करायची असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं द्या आणि एकेकाला जोडून त्याच खोलीत टेस्ट घ्या.

नुसत्या चित्रावर विश्वास ठेवण्यापेक्षा वायफाय अॅनालायझर प्रकारातलं एखादं अॅप टाका, ते डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं माप) खरा आकडा दाखवतं. आकडा उणे असतो, त्यामुळे जितका मोठा तितका वाईट. उणे ५० म्हणजे झकास, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८० म्हणजे नावाला जोडलेलं. दर ३ ने ताकद निम्मी होते हे लक्षात घ्या, म्हणजे उणे ६० आणि उणे ६६ दिसायला शेजारी पण ताकदीत चौपट फरक.

आता फुकटातले उपाय, माझ्या मते निम्म्या घरांचं काम इथेच होईल. राउटर कुठे ठेवलाय? बहुतेक जिथून वायर आत आली तिथेच, दारामागे, टीव्हीच्या कपाटात नाहीतर लोखंडी कपाटाच्या डोक्यावर, कारण कनेक्शन जोडायला आलेल्या माणसाला लवकर निघायचं असतं. तो घराच्या मधोमध, उंचावर आणि उघड्यावर पाहिजे, लांब लॅन केबल टाकून आणता येतो. मोठा आरसा मध्ये येऊ देऊ नका, त्यामागे धातूचा मुलामा असतो, लहरी त्यावरून परत फिरतात. माशांची टाकी पण नको, पाणी लहरी पितं. अँटेना असेल तर तिचं टोक खोलीकडे रोखून धरू नका, सिग्नल टोकातून नाही तर अंगातून चहूबाजूंना पसरतो, त्यामुळे एकाच मजल्यासाठी ती उभी ठेवायची आणि वरचा मजला असेल तर एखादी आडवी करायची.

२.४ च्या पट्टीचे पुढे छोटे भाग असतात, त्यांना चॅनल म्हणतात, ते ठेवा १, ६ किंवा ११ आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. काही हुशार लोक ३ किंवा ४ निवडतात, सगळे १ आणि ६ वर आहेत ना मग आपण मधे बसू, पण चॅनल एकमेकांवर चढलेले असतात त्यामुळे मधे बसणाऱ्याला दोन्हीकडून धक्के. राउटरला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क चिकटवून ठेवली असेल तर लांब करा, तिच्या केबलमधून २.४ वर खरखर पसरते. आणि राउटर जुना असेल तर सुरक्षेचं सेटिंग बघा, डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी निवडलेलं असेल तर पुढचा सगळा वायफाय ५४ मेगाबिटच्या वर जातच नाही, डब्ल्यूपीए२ एईएस किंवा डब्ल्यूपीए३ पाहिजे. हे एवढंसं सेटिंग वर्षानुवर्षं कुणी बघत नाही.

एवढं करून नाही भागलं तर एक्स्टेंडर. पण तो आतल्या खोलीत लावायचा नसतो! जिथे सिग्नलच मेलाय तिथे तो काय वाढवणार, मेलेलाच सिग्नल जोरात ओरडून सांगणार. अर्ध्या वाटेत, जिथे अजून चांगला आकडा येतोय, तिथे लावा. साधा एक रेडिओवाला एक्स्टेंडर प्रत्येक पाकीट दोनदा बोलतो, एकदा राउटरकडून ऐकताना आणि एकदा तुम्हाला सांगताना, त्यामुळे स्पीड साधारण निम्मा होतो हे धरून चला. पैसे घालायचेच असतील तर आतल्या खोलीपर्यंत एक लॅन केबल टाका आणि तिथे दुसरा अॅक्सेस पॉइंट (केबलवरचं नेट वायफायने देणारा डबा) किंवा मेशचा (एकत्र काम करणाऱ्या वायफायच्या डब्यांचा) दुसरा डबा त्या केबलवर जोडा. दिसायला वायर वाईट दिसते खरी, पण ती हवेतल्या गर्दीला अजिबात जुमानत नाही.

प्रश्न: स्पीड टेस्ट नेहमी १००. तरी मीटिंगमध्ये माझा आवाज रोबोसारखा येतो असं सगळे सांगतात, मला त्यांचा नीट येतो. मुलगी तिच्या मोबाइलवर फोटो काढून आली की हमखास होतं, हा योगायोग आहे का? (मीटिंगमधला रोबो)

उत्तर: योगायोग अजिबात नाही, तुम्ही स्वतःच निदान केलंय. मुलगी घरी येते, मोबाइल वायफायला लागतो आणि दिवसभराचे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढायला सुरुवात होते. टेस्टमधला जो १०० तुम्ही बघता तो डाउनलोड, आणि तुमचा आवाज तर अपलोडने जातो. फोन लाइनवरच्या आणि केबल टीव्हीवाल्या कनेक्शनला अपलोड डाउनलोडपेक्षा बराच कमी असतो, फोन लाइनवरच्या नेटची जी एडीएसएल पद्धत, तिच्यातल्या ए चा अर्थच मुळी दोन बाजू सारख्या नाहीत असा आहे. तेव्हा टेस्टमधला दुसरा आकडा बघा, तो कुणी बघत नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. एका व्हिडिओ कॉलला अपलोड लागतो जेमतेम १ ते ३ मेगाबिट, तेवढा उरलेला असूनही आवाज फाटतो, का? कारण रांग. अपलोड भरला की राउटर जास्तीची पाकिटं टाकून देत नाही, साठवून ठेवतो, आणि फोटोंची शेकडो पाकिटं पुढे उभी असताना तुमच्या आवाजाचं इवलंसं पाकीट मागे ताटकळत राहतं, पोचतं तोपर्यंत तुम्ही पुढचं वाक्य बोललेले असता. फोटोला अर्धा सेकंद उशीर झाला तर काही बिघडत नाही, आवाजाला बिघडतं. जिम गेटिस नावाच्या इंजिनियरने २०१० च्या सुमारास स्वतःच्या घरच्या नेटवर हा प्रकार पकडला आणि त्याला बफरब्लोट असं नाव दिलं, म्हणजे मराठीत सांगायचं तर साठवणुकीची सूज. राउटरमध्ये मेमरी स्वस्त झाली म्हणून बनवणाऱ्यांनी भरपूर कोंबली आणि चांगुलपणा अंगाशी आला.

तपासणं सोपं आहे. एकदा सगळं शांत असताना पिंग (पाकीट जाऊन यायला लागणारा वेळ) बघा, समजा २० मिलिसेकंद आला. मग मुलीला मोठा व्हिडिओ अपलोड करायला सांगा आणि परत बघा. २० चा ४०० झाला तर रोग हाच. उपाय म्हणजे बॅकअप रात्री चार्जिंगला लावल्यावरच व्हावा असं सेटिंग करा, हा झाला घरगुती काढा. पक्का इलाज राउटरमध्ये, एसक्यूएम किंवा स्मार्ट क्यू असं काही सेटिंग असेल तर ते चालू करा (आत एफक्यू-कोडेल किंवा केक नावाची पद्धत असते) आणि तिथे अपलोडचा आकडा खऱ्या मोजलेल्या स्पीडच्या ९० टक्के भरा, मग रांग तुमच्या राउटरच्या ताब्यात राहते आणि तो छोट्या पाकिटांना आडवाटेने पुढे काढतो. १० टक्के स्पीड जातो, जाऊ दे. शिवाय डाउनलोड करतानासुद्धा मिळालं-मिळालं अशा पोचपावत्या अपलोडनेच जातात, त्यामुळे अपलोड तुंबला की डाउनलोडही मंदावतो, म्हणजे सगळ्या घराला फायदा.

प्रश्न: दादा मी गेम खेळतो. पिंग १४० येतो. बाबांना ५०० चा प्लॅन घ्यायला सांगू का? (नाव नको, बाबा वाचतात)

उत्तर: बाबांचे पैसे वाचव. मेगाबिट म्हणजे रस्ता किती रुंद, पिंग म्हणजे जाऊन यायला किती वेळ, रस्ता रुंद केला म्हणून गाव जवळ येत नाही. काचेच्या फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे सर्व्हर १००० किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मिलिसेकंद आणि ७००० वर असेल तर ७० हे झालेच, पुढे वळणं आणि चौक वेगळे. यात सूट नाही. म्हणून आधी गेममध्ये जवळचा सर्व्हर निवड. मग वायफाय सोडून केबल लाव, सरासरी फार नाही बदलणार पण मधेच २०० वर उडणारा पिंग शांत होईल आणि गेममध्ये मारतं ते हे उडणंच. आणि वरचं मीटिंगवाल्यांचं उत्तर वाच, घरात कुणी अपलोड करत असेल तर तुझाही तोच आजार. उपग्रहावरचं नेट असेल आणि तो उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवरचा असेल तर अर्धा-पाऊण सेकंद लागणारच, त्यावर बुद्धिबळ खेळ.

प्रश्न: सकाळी सगळं सुरळीत, रात्री ८ ते ११ नेट रडतं. कंपनी म्हणते तुमच्या वायफायचा प्रॉब्लेम. वायफायला रात्र कळते का? (रात्रपाळीचा वैताग)

उत्तर: वायफायला नाही कळत पण शेजाऱ्यांना कळते, ते पण घरी येतात आणि त्यांचेही राउटर त्याच हवेत बोलायला लागतात, त्यामुळे कंपनी अगदीच खोटं बोलत नसेल. खोटं की खरं हे ठरवायला केबल आहे. सलग तीन-चार दिवस, सकाळी एकदा आणि रात्री ९ ला एकदा, लॅपटॉप थेट राउटरला केबलने जोडून, घरातलं बाकी सगळं बंद करून टेस्ट घ्या आणि तारीख-वेळेसकट फोटो काढून ठेवा. केबलवर रात्रीही पूर्ण येत असेल तर घरातलं वायफाय, वरचं मोठं उत्तर वाचा. केबलवरही पडत असेल तर मामला बाहेरचा.

बाहेरचा म्हणजे काय, तर कनेक्शन वाटून घेतलेलं असतं. घरोघरी येणाऱ्या फायबरचा नेहमीचा प्रकार जीपॉन, त्यात एका फायबरमधून साधारण २.५ गिगाबिट खाली येतात आणि स्प्लिटरने ते ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. आता ६४ घरांना प्रत्येकी १०० दिले तर ६४०० होतात, आणि आहेत २५००. यात लबाडी नाही, सगळे एकाच क्षणी पूर्ण ताकदीने ओढत नाहीत यावर सगळा डोलारा उभा असतो आणि बहुतेक वेळा तो टिकतोही, पण कंपनीने पुढची मोठी लाइन वेळेवर वाढवली नाही तर रात्री भांडं फुटतं. तक्रार करताना नेट स्लो आहे असं लिहू नका, त्यावर राउटर बंद करून चालू करा एवढंच उत्तर येतं. केबलवर अमुक तारखेला सकाळी ९५, रात्री १८, असे आठ आकडे द्या.

थोडक्यात काही:

डीएनएस बदलून १.१.१.१ किंवा ८.८.८.८ टाकलं की स्पीड दुप्पट होतो का? नाही. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता शोधणं, तो पटकन सापडला तर पान उघडायला सुरुवात लवकर होते, फाइल तेवढ्याच वेगाने येते.

स्पीड बूस्टर अॅप? काढून टाका, आजच.

चार जणांच्या घराला किती स्पीड लागतो? एक ४के टीव्ही धरा २५, दोन साधे एचडी व्हिडिओ प्रत्येकी ५, दोन व्हिडिओ कॉल प्रत्येकी ३, मोबाइलचे अपडेट वगैरे सुटे, १०० मध्ये आरामात बसतं. त्यापुढचा पैसा केबल आणि राउटरवर घाला.

फायबरच्या डब्यावर लाल दिवा लुकलुकतोय? प्रकाशच पोचत नाहीये. पिवळी किंवा पांढरी बारीक वायर कुठे करकचून वाकलीये का बघा, काचेतला प्रकाश तीव्र वळणावर बाहेर निसटतो. सरळ करून बघा, टोक उघडून त्यात डोळा लावून मात्र बघू नका, तो प्रकाश दिसत नाही पण असतो.

प्रश्न: माझे वय ७४. राउटर रोज एकदा बंद करून चालू करावा लागतो, मग दिवसभर ठीक. नातू म्हणतो चालतंय ना आजोबा, मग राहू द्या. (एक ज्येष्ठ वाचक)

उत्तर: आजोबा, नातवाचं नका ऐकू, रोज धक्का मारून चालू होणारी गाडी आपण ठीक म्हणत नाही. आधी राउटरला हात लावून बघा, चटका बसण्याइतका गरम असेल तर त्याला मोकळ्यावर काढा. मग त्याचा अडॅप्टर, हे जुने झाले की व्होल्ट कमी देतात आणि राउटर चक्रावल्यासारखा वागतो, तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा दुसरा लावून दोन दिवस बघा, पुष्कळदा एवढ्यावरच सुटतं. नाहीच तर नातवालाच कामाला लावा, राउटरच्या पानावर जाऊन फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट आहे का ते त्याला बघायला सांगा. आणि नेट फोनच्या तांब्याच्या लाइनवरून येत असेल तर रोजचं बंद-चालू करणं आधी थांबवा, काही कंपन्यांची यंत्रणा लाइन सारखी तुटते असं समजून मुद्दाम स्पीड खाली आणते, म्हणजे औषधानेच आजार. तिथे फोनच्या प्रत्येक खोक्याला फिल्टर (फोन आणि नेट वेगळं करणारी छोटी डबी) लावलाय का तेही तपासा, फोन वाजला की नेट जात असेल तर फिल्टरच.